तुझ्या वडिलांची फियाट

सालातिगा, ६ मार्च २०२३

प्रासोजो,

या खोक्यात कार्बुरेटर आहे. तुझ्या वडिलांच्या फियाटचा, अस्सल, इटलीहून आलेला. जकार्ताला जाताना तू तो शेवयांच्या रिकाम्या खोक्यात टाकून पोर्चमध्ये ठेवला होतास आणि सुट्या भागांची सोय करून पंधरा दिवसांत येतो म्हणाला होतास. त्याला सहा वर्षं झाली. त्या खोक्यात उंदरांची बाळंतपणं झाली. मी कार्बुरेटर रॉकेलने धुतला आहे, कारण घाण वस्तू दुसऱ्याच्या घरी पाठवायची मला सवय नाही.

‘मास प्रासोजो’ असं लिही, नवऱ्याला मान द्यावा, असं इबूने सांगितलं. तुझी आई अजून असल्या गोष्टी मानते. माझा हात काही उचलला गेला नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. कागद बंद करता येत नाही. फाडता येतो, तर फाड.

बातमी अशी की फियाटमध्ये मी दुसरं इंजिन बसवते आहे. जुनं तू काढलंच होतंस. तेवढं एक काम तू आयुष्यात पुरं केलंस, काढून ठेवण्याचं. आंब्याच्या फांदीला साखळी बांधून उचलताना ते तू फरशीवर आपटलंस, तेव्हा मी खिडकीत उभी होते. ‘काही झालं नाही,’ म्हणालास आणि वर गोणपाट टाकलंस. ते गोणपाट मी परवा उचललं. ब्लॉकला लांब तडा गेलेला आहे. सहा वर्षं तू जगाला त्या इंजिनाच्या आत्म्याबद्दल व्याख्यानं देतोस, आणि आत्मा गोणपाटाखाली फुटून पडलेला.

नवं इंजिन झेनिया गाडीचं आहे. बोयोलालीच्या भंगारवाल्याकडे मागून ट्रकने चेपलेली एक उभी होती, पुढचा भाग धडधाकट. तिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि त्यांना चालवणारी ती छोटी संगणकाची पेटी असं सगळं उचलून आणलं. होय, तीच झेनिया, जिला तू ‘चाकांवरचा भाताचा कुकर’ म्हणायचास.

आता तू विचारशील, का. तू विचारणार नाहीस, पण विचारायला हवंस. दोन वर्षांपूर्वी इबू न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तू शहाळी पाठवलीस. शहाळी! हाड जुळलं, पण तो पाय आता नीट वाकत नाही. हल्लीच्या गाड्यांत बसायचं म्हणजे आधी पाय आत घालून मग कमरेत मुरडावं लागतं. टेम्पोत चढायचं तर पायरीच उंच. एकदा शेजारच्या बू दार्मीच्या जावयाच्या गाडीत बसवायला गेलो, तर तिच्या तोंडून असा आवाज निघाला की जावई स्वतःच रडायला लागला. तेव्हापासून ती फाटकाबाहेर गेलेली नाही.

फियाटची पुढची दारं उलटी उघडतात. पाठमोरं टेकायचं, बसायचं, मग पाय फिरवून आत घ्यायचे. मी तिला अंगणात, चाकं नसलेल्या गाडीत बसवून पाहिलं. दुखलं नाही. बराच वेळ बसून राहिली. मग विचारलं, “वुरी, ही गाडी कोपेंगचा चढ चढेल का गं?”

कोपेंगला तिची बहीण आहे. आमच्या पोर्चमधून तो डोंगर दिसतो. दोन वर्षं ती रोज सकाळी तो बघते.

कार्बुरेटर सांभाळून ठेव. अस्सल आहे.

वुरी

ता. क. तू वेळेवर जेवतोस का, हे विचार म्हणून इबूने सांगितलं आहे. मी विचारत नाही.


सालातिगा, २ मे २०२३

प्रासोजो,

या खेपेला रेडिएटर आणि डायनामो. डायनामोला गंज आहे. तो तुझा, मी घासलेला नाही.

लेबारानच्या ईदला तू आला नाहीस. अख्खं जावा बेट आपापल्या आईकडे परतत होतं. लोक स्कूटरवर पोरं बांधून दहा-दहा तास प्रवास करून आले. समोरच्या घरातला तो, जो तुरुंगात जाऊन आला, तोसुद्धा आला. इबूने नारळाच्या रसातली कोंबडी केली, झावळीच्या पुडीतला भात केला, आणि नमाजानंतर नवी चोळी घालून खुर्चीत बसली, की मुलगा येईल, गुडघ्यावर बसेल, माफी मागेल, ती डोक्यावर हात ठेवेल. मी बसले गुडघ्यावर. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि नजर फाटकावर.

दुपारी तुझा आवाज आला, बू दार्मीच्या फोनवर, ध्वनिमुद्रित. ‘इबू, माफ करा, कामाचा फार ताण आहे.’ आणि लगेच त्याच श्वासात, ‘वुरीला सांगा फियाटला हात लावू नको. ती वारसा आहे. त्यात आधुनिक इंजिन टाकणं म्हणजे बाबांचा खून आहे.’

ज्या माणसाला आईला भेटायला रस्ता सापडत नाही, त्याला वडिलांचा खून इतक्या लांबून दिसतो. दृष्टी चांगली आहे तुझी.

आणि तुझे वडील काय करत होते ते मी तुला सांगते, कारण तू तेव्हा बॅडमिंटनच्या नावाखाली बाहेर असायचास आणि दिवा धरायला इबू असायची. तुझ्या वडिलांनी, पाक हार्सोनोंनी, त्या गाडीत जीपचा पंखा बसवला होता, दुधाच्या व्हॅनची बॅटरी, आणि एकदा पट्टा तुटल्यावर इबूचा कमरेचा शेला कापून बांधून ते अंबारावाहून घरी आले होते. त्यांना गाडी चालायला हवी होती. अस्सल-बिस्सल हा शब्द त्यांनी तोंडातून काढल्याचं तिला आठवत नाही.

काम चालू आहे. पाक सरविडी वेल्डिंग करतो. तो मूळचा खिडक्यांच्या जाळ्या करणारा. बाकी वेळ होले पाळतो आणि त्यांच्या घुमण्याच्या स्पर्धांना जातो. होला घुमला नाही तर तो दोन दिवस कामाला येत नाही, घुमला तर तीन दिवस येत नाही. त्याने इंजिनाला आधार देणारे पाये इतके उंच जोडले की बॉनेट बंदच होईना, वर तीन बोटं फट. म्हणाला, बॉनेटला भोक पाडू, वर छानसं झाकण करू, मशिदीच्या घुमटासारखं. मी म्हटलं, घुमट तुझ्या डोक्यावर बसव.

मग मी माझ्या पद्धतीने गेले. इतकी वर्षं लोकांच्या केबाया, अंगाबरोबरच्या चोळ्या, शिवते आहे. जे अंग वाकडं आहे त्यालाही कापड बसतंच, आधी कागद नीट कापला तर. इंजिन साखळीला लटकवून हवं तिथे धरलं, आणि पुठ्ठ्याचे तुकडे कापत, टाचण्या लावत पायांचे नमुने काढले. सरविडीने तसंच्या तसं लोखंड कापलं. बॉनेट बंद झालं. पण इंजिन खाली आल्यामुळे त्याची तेलाची परात आडव्या पट्टीवर टेकली. मग ती परात कापून पायरीसारखी केली. आता एक्झॉस्ट स्टिअरिंगच्या दांड्याला घासतो आहे. एक मिटवलं की दुसरं उभं राहतं, अगदी तुझ्यासारखं. फरक इतकाच की लोखंडाला शेवटी पटतं.

इबू शेजारी खुर्ची टाकून बसते आणि पाने हातात देते. सांगितलेला पाना देते, आणि वर ‘हा बसणार नाही, पुढचा घे’ असंही सांगते. बहुतेक वेळा बरोबर असतं.

वुरी

ता. क. जकार्तात पावसाने पाणी भरलं होतं तेव्हा तुझ्या खोलीत शिरलं का, असं ती विचारते. शिरलं असेल तर चांगलंच.


सालातिगा, १९ जून २०२३

प्रासोजो,

तुझे दोन दूत येऊन गेले. सेमारांगच्या जुन्या गाड्यांच्या क्लबचे. एक लठ्ठ, डोक्यावर चामड्याची टोपी. दुसरा पांढरे हातमोजे घालून आलेला, म्हणजे गाडीला बोटांचे ठसे लागू नयेत. आमच्या गाडीला! जिच्या मडगार्डच्या पत्र्यात कोंबडी अंडी घालते.

तू त्यांना सांगितलं होतंस म्हणे की गाडी धोक्यात आहे, ती सुरक्षित जागी हलवायला हवी. ट्रक कोपऱ्यावर उभा करून आले होते. मी आत चहा ठेवायला गेले तेवढ्यात हातमोजेवाल्याने बॉनेट उघडलं आणि एकदम मागे सरला, जणू आत साप होता. लठ्ठ मोठ्या दुःखाने इबूला म्हणाला, की हे म्हणजे म्हाताऱ्या आजोबांच्या छातीत कोवळ्या पोराचं काळीज घालून त्यांना नाचायला लावण्यासारखं आहे.

इबू म्हणाली, “नाचू दे की. तुमच्या घरचे आजोबा काचेच्या कपाटात ठेवा.”

मग त्यांनी तुझं नाव काढलं. तू मोठा जाणकार, तुझा शब्द मानतात, तुझे व्हिडिओ हजारो लोक बघतात. इबू ऐकत राहिली. शेवटी तिने विचारलं, “तो बारीक झालाय का?” दोघं एकमेकांकडे बघायला लागले. ते तुला कधी भेटलेच नव्हते. तू फोनवरूनच त्यांना ट्रक घेऊन धाडलं होतंस. सख्खी आई लांबून सांभाळतोस, तर चोऱ्याही लांबूनच करणार, त्यात नवल काय.

इबूने त्यांना सांगितलं की गाडी तिच्या नवऱ्याची होती, म्हणून आता तिची आहे, आणि तिला ती हवी आहे. इतकंच. त्यांनी चहा प्यायला, तळलेली केळी खाल्ली, आणि निघताना लठ्ठाने माझ्याकडून हळूच विचारून घेतलं, गिअरबॉक्स सीटांमधल्या पत्र्याच्या बोगद्यात कसा बसवला. त्याच्याकडे एक मॉरिस आहे. चालत नाही.

मी पुठ्ठ्याचा नमुना काढून दिला. हातमोजेवाल्याला सांगू नका म्हणाला.

वुरी


सालातिगा, ३० जुलै २०२३

प्रासोजो,

सोबत जुना स्टार्टर. शेवटचा ब्लॉक तेवढा राहिला. तो पाठवणार नाही, जड आहे.

इंजिन सुरू झालं. वायरिंगने दीड महिना खाल्ला. ती संगणकाची पेटी हट्टी. तिला वाटायचं आपण अजून झेनियातच आहोत, आणि जी वस्तू नाही तिची चौकशी करत बंद पडायची. दाराचा दिवा कुठे, एअरबॅग कुठे. शेवटी सालातिगाच्या तांत्रिक शाळेतले एक मास्तर आले, त्यांनी तिची समजूत घातली. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही बसवले. तुझ्या वडिलांच्या वेळी ब्रेक म्हणजे विनंती होती.

किल्ली इबूने फिरवली. मी पेट्रोलच्या नळीपाशी ओली पोती घेऊन उभी होते. पहिल्याच फटक्यात लागलं आणि इतका कमी आवाज, की तिला कळलंच नाही. ती पुन्हा किल्ली फिरवायला गेली तेव्हा मी ओरडले. मग ती हसायला लागली. मी इतक्या वर्षांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, हे मी तुला आनंद व्हावा म्हणून सांगत नाही.

आणि त्याच संध्याकाळी बू दार्मीने तिला तुझा नवा व्हिडिओ दाखवला. दाखवायला नको होता. तू पाठीमागे कुणाची तरी चकचकीत गाडी ठेवून सांगत होतास की आपल्या सालातिगाच्या घरी वडिलांच्या फियाटचं काम ‘स्वतः’ करतो आहेस, प्रत्येक स्क्रू मूळचा, आणि म्हातारी आई रोज पहाटे त्या गाडीपाशी बसून दुवा मागते. डोळे पुसलेस. चांगले पुसलेस, कोरड्या डोळ्यांना सराव लागतो.

मला वाटलं ती चिडेल. मी तिच्या वतीने चिडायला तयारच होते. तिने फोन हातात घेतला आणि म्हणाली, “पुन्हा लाव.” पुन्हा लावला. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, “आवाज थेट त्यांच्यासारखा झालाय.”

मी उठून भांडी घासायला गेले.

वीस ऑगस्टला, रविवारी, आम्ही कोपेंगला जातो. मी चालवणार. बायकांचा पाय क्लचला जड असतो, हे तू मला लग्नाच्या पहिल्या महिन्यात सांगितलं होतंस. तू गेल्यावर मी परवाना काढला. पाय हलका आहे.

वुरी


सालातिगा, २२ ऑगस्ट २०२३

प्रासोजो,

आज सोबत मी काहीही पाठवत नाही. नुसतं पत्र. रविवारी तू अर्ध्या गोष्टीला हजर होतास. उरलेली अर्धी तुला माहीत असावी म्हणून लिहिते.

सकाळी निघालो. सगळी आळी बघायला उभी. सरविडी आपला होला पिंजऱ्यासकट घेऊन आला, शकुन म्हणून. चढ सुरू झाला तशी इबूने दाराची मूठ घट्ट धरली, कारण तुझ्या वडिलांच्या वेळी पहिल्याच वळणाला रेडिएटर उकळायचा आणि ती खाली उतरून चाकामागे दगड लावायची. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. कोबीचे ट्रक आम्ही मागे टाकले. उष्णतेचा काटा जिथे होता तिथेच. तिने मूठ सोडली आणि काच खाली केली. गाजराच्या शेतांचा वास आत आला. 

बुलिक सुमी, तुझी मावशी, गोधडी गुंडाळून अंगणातच बसली होती. दोघी बहिणी एकमेकींचे हात धरून बराच वेळ नुसत्या एकमेकींच्या म्हातारपणाला हसत होत्या. जेवण झालं. मला वाटलं आता परत. तेव्हा इबू म्हणाली, “प्रासोजो आज माजेलांगला आहे. दार्मीने सांगितलं. हाच रस्ता पुढे जातो ना?”

तिने आदल्या दिवशीच तुझ्या आवडीचं गुळात शिजवलेलं सोयाबीनचं टेंपे करून डब्यात भरलं होतं. मला वाटलं होतं बहिणीसाठी. बुलिकही मागच्या सीटवर चढली, भाच्याला बघायचं म्हणून. मी नाही म्हणू शकले असते. मला यायचं होतं. तुला ती गाडी दाखवायची होती मला. तेही लिहूनच टाकते.

माजेलांगच्या चौकात तुझ्या जुन्या गाड्यांच्या मेळ्याच्या फाटकावर एका माणसाने बॉनेट उघडायला लावलं आणि आम्हाला स्पर्धेच्या रांगेतून काढून वडाखाली, मोटरसायकलींच्या बाजूला उभं केलं. काही हरकत नव्हती. सावली होती. पण तिथेही लोक जमले. तीन बायका डोंगर ओलांडून आलेल्या, त्यांना गंमत वाटली. गर्दी बघून तू आलास, हातात माईक, मागे कॅमेरावाला.

तू गाडी ओळखलीस. मी काचेतून तुझा चेहरा बघत होते. ओळखलीस, आणि तरी बॉनेट उघडून माईकमध्ये म्हणालास, “बघा मंडळी. बाहेरून आजोबा, आतून भाड्याची टॅक्सी. ज्यांना जुन्याची किंमत नाही, त्यांच्या हातात जुनं पडलं की असं होतं.” लोक हसले. तू बॉनेट खाली घेतलंस आणि काचेपलीकडे तुझी आई बसलेली होती.

एक क्षण तू खरोखर घाबरलास. त्या एका क्षणासाठी मी तुला माफ करायला निघाले होते. मग तू मान वळवून कॅमेरावाल्याला खूण केलीस, जवळ ये. तो आल्यावर तू दाराशी गुडघे टेकलेस, तिचा हात कपाळाला लावलास आणि माईकमध्ये सांगितलंस की आई आशीर्वाद द्यायला आली आहे.

तिने हात ओढून घेतला नाही. तुझ्या केसांवर ठेवला. हळूच म्हणाली, “ते यंत्र बंद कर, पोरा. मग ये. मी इथेच बसलेय.”

माईक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं. तू उठलास, गुडघे झटकलेस आणि म्हणालास, “पाच मिनिटं, इबू. बक्षिसं वाटायची आहेत.”

तुला माहीत असलेलं इथे संपतं.

बक्षिसं वाटून झाली. आम्ही लाउडस्पीकरवर प्रत्येक नाव ऐकलं. मग फोटो झाले. मग खुर्च्या उचलायला लागले. बुलिकला थंडी वाजली, मी तिला माझी शाल दिली. मी म्हटलं, जाऊन बोलावून आणते. इबू म्हणाली, “नको. त्याला वाट माहीत आहे.” आमच्यापासून तुझा मंडप दगड मारला तर लागेल इतका लांब होता. तुझी पाठ दिसत होती. तू कुणाच्या तरी गाडीच्या दिव्याबद्दल बोलत होतास.

आमच्या बाजूच्या मोटरसायकली एकेक करून गेल्या. शेवटी गाड्या राखणारा म्हातारा शिट्टी गळ्यात अडकवून आमच्याजवळ येऊन टेकला, कारण त्यालाही घरी जायचं होतं. इबूने डबा उघडून त्याच्यापुढे धरला. त्याने नको-नको म्हणत सगळं टेंपे खाल्लं आणि बोटं चाटून म्हणाला, आई, फार छान झालंय. ती म्हणाली, “गूळ जरा जास्त पडला.” मग झाकण लावलं आणि मला सांगितलं, “चल.”

परतीच्या चढावर धुकं उतरलं होतं. मी दिवे लावून हळू चालवत होते. बुलिकला कोपेंगला उतरवलं. तिने विचारलं, पुन्हा कधी? इबू म्हणाली, आता काय, मनात येईल तेव्हा. पुढे उतार लागला आणि तिने तोंड काचेकडे फिरवलं. मला वाटलं रडते आहे. मी तिच्याकडे बघितलं नाही. तुला घालायच्या शिव्यांची मनात जुळणी करत होते. चांगल्या जुळल्या होत्या, या पत्रात त्याच असणार होत्या.

तेव्हा ती म्हणाली, “वुरी, पुढच्या रविवारी कुठे जायचं?”

मी म्हटलं, “तुम्ही सांगाल तिथे.”

ती विचार करायला लागली. एकेक नाव घेत गेली. अंबारावाचा बाजार. देमाकची मशीद, आतून कधी नीट पाहिलीच नाही म्हणाली. मग जेपाराचा समुद्र, नवी नवरी असताना गेली होती, तो. तिकडे रस्ता सपाट आहे, जोरात नेता येईल का, हेही विचारलं. मी होय म्हटलं. मग आणखी एक-दोन नावं.

जकार्ताचं नाव येईल म्हणून मी सालातिगाचे दिवे दिसेपर्यंत थांबले. आलं नाही.

वुरी